आमच्या घरातले पहिले वाद्य

आमच्या घरात वाद्य आणायचे नाही, असा माझ्या वडिलांचा नियम होता. गाण्याला बंदी नव्हती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबा स्वतः पुढे राहून गात. वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी त्यांना तोंडपाठ. पण ढोलकी, पेटी, बँजो यांपैकी काहीही उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी आठवीत असताना मोहल्ल्यातल्या गायन पार्टीने मला बँजो शिकवायचे ठरवले. बँजो म्हणजे आपला तो टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने तो तयार केला आणि फिरत फिरत तो आपल्या भीमगीतांच्या पार्ट्यांत येऊन बसला. मी तो एक रात्र घरी आणला. बाबा ओरडले नाहीत. सकाळी उठून त्यांनी तो काखेत मारला, ज्याचा त्याला नेऊन दिला आणि कामावर गेले. तो विषय तिथेच संपला.

कारण आम्हा सगळ्यांना माहीत होते, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. माझे आजोबा डफडे वाजवीत. अचलपूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात कोणाचे लग्न असो की पोळा असो, बोलावणे आले की जायचे. मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलेले पदरात घेऊन यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा नागपूरला गेले. परत आले त्याच संध्याकाळी त्यांनी डफड्याचे कातडे विळ्याने फाडले आणि लाकडी कडे चुलीत घातले. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनी ते पाहिले आणि आपल्यापुरता कायदा केला.

पुढे बाबा परतवाड्याला आरा मशीनवर कामाला लागले. परतवाडा हे लाकडाचे गाव. मेळघाटातला साग, ऐन, हलदू, शिसम हे सारे डोंगर उतरून इथेच येई. पस्तीस वर्षे बाबांनी लाकूड कापले. सुताराचे काम त्यांनी कधी केले नाही, पण कोणती फळी पुढे वाकेल, कोणती चिरेल, कोणती शंभर वर्षे टिकेल, हे ते बोटाने ठोकून सांगत. मालकसुद्धा त्यांना विचारून ओंडका उभा करायचा की आडवा ते ठरवी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१७ साली माझी मुलगी अकरावीत होती. तिच्या डोक्यात क्लासिकल गिटारने घर केले. सिनेमात दिसते ती तारेची गिटार वेगळी आणि ही वेगळी, हे मलाही तेव्हाच समजले. हिची मान रुंद असते, तारा नायलॉनच्या असतात आणि ती पट्टीने नव्हे तर उजव्या हाताच्या नखांनी छेडतात. डावा पाय लहान पाटावर ठेवून बसायचे. अंगठ्याने खालचे स्वर, बाकी तीन बोटांनी वरची चाल. एकच माणूस दोन-तीन जणांचे काम करतो. अमरावतीच्या एका दुकानातून जुनी, वापरलेली गिटार आम्ही आणली. बाबा ओट्यावरच बसले होते.

मी चोरासारखा उभा राहिलो. मुलगी मात्र सरळ म्हणाली, "आबाजी, बाबासाहेब व्हायोलिन शिकले होते, तुम्हाला माहीत आहे ना?"

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोतासाठी वाजवत व्हते ते. कोनाच्या दारात नाई." आणि थोड्या वेळाने, "तू कोठी वाजवशीन?"

"गच्चीवर."

"मंग वाजव."

साठ वर्षांचा कायदा असा दोन वाक्यांत सुटला. मला थोडा रागच आला, खोटे कशाला सांगू? माझ्या बँजोच्या वेळी कोणाला हे सुचले नव्हते.

पुढचा अपराध माझा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात एक तार तुटली. आवाज जरा मोठा येईल म्हणून मी पोलादी तारांचा संच आणून चढवला. नायलॉनच्या सहा तारा मिळून गिटारवर सुमारे चाळीस किलोची ओढ असते. पोलादी तारांची ओढ सत्तर किलोच्या पुढे जाते. ज्या पातळ लाकडाला चाळीस किलो पेलायला बनवले, त्याच्या छातीवर मी जवळजवळ दुप्पट वजन ठेवले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी खोलीत बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. तारा जिला बांधतात ती घोडी उखडून भिंतीवर आदळली होती आणि तिच्याबरोबर गिटारचे पोटही फाटले होते. मुलगी रडली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोललीही नाही.

बाबांनी फाटलेला तुकडा हातात घेतला, कडेने पाहिला, नखाने ठोकला. "हे लाकूड नोहे. पापड हाय. तीन पापड एकावर एक चिकटोले." ती प्लायवुड होती. मग म्हणाले, "लाकडाची करत नाईत काय कोनी?"

या एका प्रश्नावरून आमचे पुढचे दीड वर्ष गेले.

करतात, असे मी त्यांना सांगितले. स्पेनच्या अल्मेरिया गावी १८१७ साली जन्मलेला अँतोनियो दे तोर्रेस हा माणूस पेशाने सुतार होता. आज जी क्लासिकल गिटार म्हणून ओळखली जाते तिचे माप आणि घडण त्याने बसवली. समोरच्या पातळ फळीला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या लावायच्या, म्हणजे फळी हलकी राहते, थरथरते आणि तरी तारांच्या ओढीने वाकत नाही. एवढा मोठा कारागीर, पण पोट भरेना म्हणून मध्ये काही वर्षे त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवले. आवाज समोरच्या फळीत असतो, मागच्या आणि बाजूच्या लाकडात नव्हे, हे दाखवण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिचे पोट तेवढे लाकडाचे, बाकी पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

बाबांना ही गोष्ट अजिबात आवडली नाही. "कागदाची पाठ? मंग शिसम कायले पायजे?"

शिसम पाहिजे, कारण जगभरचे गिटार करणारे पाठीसाठी आपल्या शिसमाच्याच मागे असतात. पुस्तकी मराठीत ज्याला शिसव म्हणतात तोच हा काळपट जांभळा शिसम. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याचे बंधन आले. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट देण्याचे ठरले, इतकी वाद्यवाल्यांची ओरड झाली. हे लाकूड आमच्या डोक्यावरच्या मेळघाटात उभे आहे आणि बाबांच्या हातांतून त्याच्या गाड्याच्या गाड्या गेल्या. पण त्यातले हातभरही आमच्या घरी कधी आले नव्हते.

नवे लाकूड घ्यायचे नाही, हे बाबांनीच ठरवले. ओले असते, पुढे खेळते. अचलपुरात जुने वाडे पाडले जातात, त्यांचे लाकूड विकणाऱ्याकडे आम्ही गेलो. तिथे एका कपाटाचे दार मिळाले. सरळ रेघांचे, गाठ नसलेले, अख्ख्या एका फळीचे. बाबांनी ते एका कोपऱ्याला दोन बोटांत धरून लटकवले आणि मधोमध ठोकले. घंटेसारखा लांब आवाज निघाला. मी चमकलो, दुकानदारही चमकला. परत येताना त्यांनी विचारले, "कोन्या वाड्याचं हाय?" मी विचारले नव्हते. "बरं झालं," म्हणाले.

आरा मशीनवरच्या जुन्या ओळखीने ती फळी चिरून मिळाली. तिथले आजचे कामगार पोरसवदा. बाबा मशीनपाशी उभे राहिले तसे सगळे बाजूला झाले. चार-चार मिलिमीटरचे पातळ पदर निघाले. एकाच फळीचे लागोपाठचे दोन पदर पुस्तकाच्या पानांसारखे उघडून जोडायचे, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा आरशातल्यासारख्या जुळतात.

समोरच्या फळीचा प्रश्न मोठा होता. युरोपात तिला स्प्रूस नावाचे थंड मुलखातले लाकूड वापरतात. ते वऱ्हाडात कुठले? तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये मी बाबांना घेऊन मिरजेला गेलो. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. मिरजेची सतारमेकर गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावी. ही माणसे मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लढाया सरल्या, धार लावायला तलवारी उरल्या नाहीत, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने सतार-तंबोरे करायला घेतले. दीडशेहून जास्त वर्षे ते काम चालू आहे. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हते, पण भिंतीवर टांगलेले भोपळे आणि लाकडाच्या भुशाचा वास तोच असणार.

तिथले एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची तबली रंधत होते. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवायची फळी, गिटारच्या पोटाचीच बहीण. ती तून नावाच्या लाकडाची असते. हलके, तांबूस, वासाला गोड. बाबा शेजारी बसले. त्यांची भाषा यांना नीट कळेना, यांची त्यांना. पण दोघे एकेक तुकडा उचलून ठोकत होते आणि माना हलवत होते. शेवटी कारागिरांनी विचारले, "चाचा, आप कहाँ के कारीगर?"

"मी कारागीर नोहे," बाबा म्हणाले. "मी लाकूड कापनारा."

त्यांनी दहा वर्षे वाळवलेल्या तुनाचे दोन पदर बाबांच्या हातात दिले. पैसे घेतले, पण मला वाटते निम्मेच घेतले.

मी तेव्हा नोकरीत होतो, त्यामुळे काम रविवारचे. रंधा, पटाशी, कानस ही हत्यारे शेजारच्या मिस्त्रीची. तबली अडीच मिलिमीटरपर्यंत उतरवायची. बाबा ती हातात धरून ठोकत आणि "अजून" म्हणत. एक वेळ आली, ते म्हणाले, "थांब." मी पट्टीने मोजले, अडीचच्या किंचित वर होते. मान शिवणीच्या लाकडाची केली, तीही त्यांचीच निवड.

बाजूच्या पट्ट्या वाकवताना मात्र आमची परीक्षा झाली. दोन मिलिमीटरची शिसमाची पट्टी पाण्यात भिजवून तापवलेल्या लोखंडी पाइपवर हळूहळू दाबायची. पहिली पट्टी कंबरेच्या वळणावर मोडली. दुसरी जमली. तिसरी मोडली. दारातून जेवढे लाकूड मिळाले त्यात एवढ्याच चुका बसत होत्या.

मग सरसाचा प्रश्न आला. पुस्तकात लिहिले होते की जुने कारागीर जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरतात, कारण तो कडक होतो आणि आवाज खात नाही. मी बाजारातून आणून तो पाण्यात शिजवायला ठेवला. वास घरभर पसरला. बाबा उठले, गॅस बंद केला आणि भांडे मागच्या नालीत ओतून आले. "हा वास मले माईत हाय. पुन्हा घरात येऊ देऊ नको." लहानपणी त्यांनी गावातली मेलेली ढोरे ओढली होती, सोलली होती. मी पुस्तक बंद केले. आमची गिटार फेविकॉलने जोडलेली आहे. तिचा आवाज त्यामुळे किती कमी झाला असेल ते मोजायची मला इच्छा नाही.

"तारा कायच्या असतात?" त्यांनी त्याच दिवशी विचारले. पूर्वी आतड्याच्या असत, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याचा तुटवडा पडला आणि न्यू यॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या काढल्या, असे मी सांगितले. "चांगलं केलं त्यानं," बाबा म्हणाले. आता इथे एक कबुली देतो. घोडीवर आणि मानेच्या टोकाला तारा टेकायला जी पांढरी पट्टी असते ती हाडाची होती. बाबांना ती प्लॅस्टिकची वाटली आणि मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. हा लेख त्यांना वाचून दाखवताना एवढी वाक्ये गाळावी लागतील.

पडद्यांचा हिशेब मुलीने केला. तारेची लांबी ६५० मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागायचे, जे येईल तेवढ्यावर पहिला पडदा, म्हणजे ३६.४८ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, तो दुसरा. असे करत गेले की बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर येतो आणि तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. तिने वहीत एकोणीस पडदे काढले आणि मी करवतीने खाचा पाडल्या. हिशेब तिचा अचूक होता. चूक पुन्हा माझी झाली. तार दाबली की ती जरा ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून घोडी ६५० पेक्षा दीड-दोन मिलिमीटर मागे लावायची असते. मी ती बरोबर ६५० वर चिकटवली. वरचे स्वर बारीकसे चढे लागू लागले. शेवटी पट्टीची पुढची धार कानसून टेकण मागे सरकवले. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. कान तयार असलेल्याला तो आजही कळतो.

चपड्याचे पॉलिश चिंधीने पंधरा दिवस चोळून जानेवारी २०२० मध्ये गिटार उभी राहिली. मुलीने गच्चीवर बसून पहिल्यांदा जे वाजवले ते फ्रान्सिस्को तारेगा यांचे 'लाग्रिमा', म्हणजे अश्रू. या तारेगांकडे स्वतः तोर्रेसने केलेली गिटार होती. अगदी लहान तुकडा आहे. मग तिने आपल्या चौदा एप्रिलच्या चाली काढल्या. बाबा खाली ओट्यावर होते. वर या म्हटले तर म्हणाले, "इथूनच आयकू येते."

त्याच वर्षी मे महिन्यात सगळे घरात कोंडलेले असताना गिटारची पाठ चिरली. अचलपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको. त्यात ही गिटार दिवसभर कूलरच्या ओल्या हवेत आणि रात्री कोरड्या खोलीत. पण मूळ दोष माझ्या घाईचा. पाठीची फळी मी आदल्या वर्षी श्रावणात चिकटवली होती. ओल पिऊन फुगलेले लाकूड चारी बाजूंनी जखडले. उन्हाळ्यात ते आकसले, सरकायला जागा नव्हती, म्हणून फाटले. मी लगेच भेग भरायला निघालो. बाबांनी हात धरला. "आता नको. पाऊस येऊ दे. आपोआप मिटन, मंग चिकटव."

आषाढात भेग खरेच मिटली. आत कुठली पट्टी सुटली आहे का ते पाहायला बाबा गिटार पालथी मांडीवर घेऊन पाठ ठोकत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटे गेली, परत आली आणि मग ती थांबेनात. दोन्ही हातांनी, डाव्याची बोटे बारीक, उजव्याची जड, असा एक ठेका चालू झाला. मुलगी आणि मी एकमेकांकडे पाहिले. मिनिटभर चालले असेल. मग त्यांच्याच लक्षात आले आणि हात थांबले.

"पावसाळ्यात डफडं ढिलं पडते," ते म्हणाले. "बाप वाजवे, मी शेकोटीजवळ बसो. कातडं तापवून द्याचं काम माह्याकडं. कमी तापलं का आवाज बसे, जास्त तापलं का फाटे. फाटलं का मार खाव लागे." आणि मग, "आवाज कवा बरोबर लागला ते दुरूनच समजे मले."

म्हणजे फळी ठोकून ओळखायची विद्या आरा मशीनवरची नव्हती. आम्ही ती इतकी वर्षे तिथलीच समजत होतो.

मुलीने आपला बारीक हात गिटारच्या तोंडातून आत घालून भेगेवर आडवे चार लहान तुकडे चिकटवले. त्यानंतर पाठ चिरली नाही. आता ती पुण्याला नोकरी करते आणि गिटार तिच्याजवळ असते. बाबा सत्त्याऐंशीचे झाले. कानाने कमी ऐकू येते, फोनवर गिटार ऐकवली तर "चांगलं हाय" म्हणतात, पण त्यांना काही कळत नसावे. दाराच्या त्या फळीतले दोन पदर अजून माळ्यावर आहेत आणि मिरजेच्या तुनाचा एक जोड मी मागच्या वर्षी आणून ठेवला आहे. माझ्या भाच्याला गिटार हवी आहे. मी आता निवृत्त, वेळच वेळ. पाठ या खेपेला दिवाळीनंतरच चिकटवायची, त्याआधी हात लावायचा नाही, असे बाबांनी आत्तापासून बजावून ठेवले आहे.